बोरीतली गाडी, स्विंडनचा सल्ला आणि रात्रीची वीज

सरांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा इकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, तिकडे इंग्लंडात संध्याकाळचे सहा. भाचा स्विंडनला असतो. त्याने नुकतीच घरात बॅटरी बसवली होती, दारात विजेवरची गाडी होती आणि बिल निम्म्यावर आल्याचा आनंद त्याला आवरत नव्हता. "मामा, गाडी रात्री साडेअकराच्या पुढेच चार्जिंगला लावा. आणि घरात पाच युनिटांची बॅटरी घ्या. रात्री स्वस्तात भरायची, दिवसभर वापरायची. गाडी आहे म्हटल्यावर हे करायलाच हवं."

दोन महिन्यांनी सरांनी मला बोलावून घेतले. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात वायरिंगची आणि छतावरच्या सोलरची कामे करतो. सर पणजीला उच्च माध्यमिकात शिकवतात, वहिनी फोंड्याच्या शाळेत. घर बोरीला, चढावर, चिऱ्याच्या जमिनीवर. पुढचे जुने घर मंगळुरी कौलांचे, मागे अलीकडे बांधलेले स्लॅबचे स्वयंपाकघर. गाडी वापरलेली घेतलेली, ३०.२ किलोवॉट-तासांच्या, म्हणजे तेवढ्याच युनिटांच्या बॅटरीची, पहिल्या पिढीतली विजेवरची नेक्सॉन. रोज सकाळी वहिनींना फोंड्याला उतरवून सर बाणस्तारीच्या पुलावरून पणजीला जातात आणि संध्याकाळी परततात. जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर.

सरांचा प्रश्न सरळ होता. बॅटरीचे कोटेशन इन्व्हर्टरसकट दीड लाखाचे आले होते. घ्यायची की नाही?

मी म्हटले, आधी मागच्या वर्षभराची बिले दाखवा.

बिलात घड्याळ नव्हते

बिले एका फाइलीत नीट लावलेली होती, शिवाय दर महिन्याचे रीडिंग कालनिर्णयच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले. असे गिऱ्हाईक क्वचित मिळते. गाडी येण्याआधी घराचा खप महिन्याला सरासरी २९० युनिट होता आणि गाडी आल्यावर तो ५७०च्या आसपास गेला. गाडीचे २८० युनिट हिशेबाला पटत होते. सत्तर किलोमीटरला बॅटरीतून साडेनऊ युनिट जातात, चार्जरमधली गळती धरून मीटरवर साडेदहा पडतात, त्याचे कामाचे पंचवीस दिवस आणि रविवारची थोडी भटकंती.

पण त्या बिलात रात्रीचा दर, दिवसाचा दर असा रकानाच नव्हता. होते ते टप्पे. गोव्यात घरगुती वीज पायरीपायरीने महाग होते: पहिले १०० युनिट, मग २००पर्यंत, ३००पर्यंत, ४००पर्यंत आणि त्यावर सगळे. सगळ्यांत वरची पायरी तळच्या पायरीच्या जवळजवळ तिप्पट आहे. सरांच्या घराने आपल्या २९० युनिटांत तिसरी पायरी जवळपास भरून टाकली होती. गाडीच्या २८० युनिटांपैकी जेमतेम दहा त्या पायरीत मावले, शंभर चौथीत गेले आणि उरलेले १७० थेट माथ्यावर. गाडी रात्री दोनला लावली काय किंवा दुपारी दोनला लावली काय, या हिशेबात एका पैशाचा फरक पडत नव्हता. सरांनी मात्र दोन महिने गजर लावून, साडेअकराला उठून प्लग लावला होता.

"म्हणजे मी उगाच जागलो?"

पैशांसाठी, हो. व्होल्टेजसाठी नाही. ते पुढे येईल.

भाच्याचे काय चुकले? त्याच्या गावात काहीच चुकले नाही. ब्रिटनमध्ये १९७८ पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाची पद्धत आहे, रात्रीचे सात तास वीज स्वस्त. कोळशाची आणि अणुविजेची केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, लोक झोपलेले, वीज कोणी घेईना, म्हणून दर पाडला आणि लोकांनी विटांचे हीटर रात्री तापवून ठेवले. आता त्या जागी वारा आला आहे. वारा रात्रीही वाहतो, मागणी मात्र झोपलेली असते. भाच्याला रात्रीचे युनिट सुमारे ७ पेन्सना आणि दिवसाचे २५ पेन्सच्या आसपास पडते. एवढी दरी असेल तर घरची बॅटरी रोज पाऊण पौंडाच्या आसपास मिळवून देते. मीही तिकडे असतो तर घेतली असती.

आपल्याकडे वारे उलटे आहे. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. भर दुपारी विजेची रेलचेल असते आणि सूर्य मावळला की घराघरांत दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात; कोळसा आणि धरणे यांना धावपळ करावी लागते. म्हणून केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दराची चौकट घातली तेव्हा स्वस्त ठरवले ते दिवसाचे आठ 'सौर तास', रात्र नव्हे. सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकांना किमान १० टक्के जास्त. शेती सोडून बाकी ग्राहकांसाठी त्यात १ एप्रिल २०२५ ही तारीख होती आणि स्मार्ट मीटर बसला की तो दर लागू, असे सूत्र. शेजारच्या महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा मीटर, असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. सरांची बहीण सावंतवाडीला असते. ती आता कपडे धुण्याचे मशीन दुपारी लावते. गाड्यांच्या सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठीही केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: सकाळी ९ ते दुपारी ४ दर सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट, इतर वेळी १.३ पट.

म्हणजे स्विंडनला वीज स्वस्त रात्री, सावंतवाडीला दुपारी. आणि सरांची गाडी दुपारी पणजीत शाळेच्या अंगणात आंब्याखाली उभी.

बॅटरीचे गणित

तरी मी बॅटरीला संधी दिली. समजा उद्या सरांच्याकडे वेळेनुसार दर आला. वरच्या पायरीचे युनिट सहा रुपये धरू. सौर तासांत २० टक्के कमी म्हणजे ४.८०, संध्याकाळच्या गर्दीत १० टक्के जास्त म्हणजे ६.६०. फरक १.८० रुपये. पाच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. येण्याजाण्याची गळती धरून हाती चार युनिट लागतात आणि त्यासाठी साधारण ४.६ युनिट आत घालावे लागतात. आत घातलेल्याचे झाले २२ रुपये ८ पैसे, बाहेर आलेल्याची किंमत २६ रुपये ४० पैसे. दिवसाची कमाई ४ रुपये ३२ पैसे. वर्षाचे १,५७७ रुपये.

दीड लाख भागिले १,५७७. पंच्याण्णव वर्षे.

सर गणिताचेच. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिले आणि फोन उलटा ठेवला. अशा बॅटऱ्या सहा हजार वेळा भरता-उतरता येतात असे विकणारे सांगतात. रोज एकदा धरले तर ती सोळा-सतरा वर्षे. पणतूच्या लग्नात फायदा सुरू होणार आणि बॅटरी मात्र नातवाच्या बारशालाच निवृत्त.

"मग वीज गेली तर गाडी भरायला तरी?" वहिनींनी विचारले. प्रश्न रास्त होता, कारण पावसाळ्यात इकडे माडांच्या चुडत्या तारांवर पडतात आणि रात्र अंधारात जाते. पण चार युनिटांवर गाडी सत्तावीस किलोमीटर जाते. बोरीहून निघाल्यावर जेमतेम जुने गोवे. पणजी नाहीच.

घरात आधीपासून एक इन्व्हर्टर होता, ८५० व्हीएचा, त्याला १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी. कागदावर १.८ युनिट, खरे वापरायचे त्याच्या निम्मे. तीन पंखे, दिवे आणि वायफायचा डबा यांना चार-पाच तास पुरते. मी म्हटले, हीच ठेवा, वेळेवर पाणी घालत जा. एकच बदल केला: पोर्चमधला प्लग चुकून इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेला होता, तो काढला. ३.३ किलोवॉटचा चार्जर या डबड्यावर पडला की काय होते ते त्यांनी एकदा पाहिले होते, सगळे घर काळोखात.

मग पैसे कुठे घालायचे

पायऱ्या खाली आणायला. मागच्या स्लॅबवर ३ किलोवॉटचे सोलर, नेट मीटरिंगवर. कौलांवर मी बसवत नाही, बसवले तर पहिल्या पावसात पाणी कुठून गळते हे शोधत बसावे लागते. स्लॅबच्या दक्षिणेला एक फणस होता, त्याची एक फांदी उतरवावी लागली. त्यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली, ती इथे नको.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ७८ हजारांचे अनुदान मिळते. सरांना पदरचे सुमारे एक लाख पाच हजार घालावे लागले. अशी मांडणी इकडे वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिट देते: कोरड्या महिन्यांत ३८०पर्यंत, पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २४०, जुलैत तर त्याहूनही रडतखडत.

नेट मीटरिंगमध्ये दुपारी छतावरून बाहेर गेलेले युनिट रात्री गाडीत आलेल्या युनिटाशी वजा होते. म्हणजे भाचा जी बॅटरी घ्या म्हणत होता, ती आपल्या दाराशी खांबावर आधीच उभी आहे आणि तिच्यात येण्याजाण्याची गळती ग्राहकाच्या खात्यावर पडत नाही. जानेवारीत ५७० मधून ३८० गेले, उरले १९०. चौथी आणि पाचवी पायरी गायब, तिसरीही गायब. पावसात ३३० उरतात, तरी माथ्याची पायरी सुटते. वरच्या टप्प्याला सहा, त्याखालच्याला पाच आणि त्याच्याही खालच्याला पावणेचार रुपये असे धरून वर्षाला वीस हजारांच्या आसपास वाचतात. पाच वर्षे. पंच्याण्णव नव्हे.

खरे बोलायचे तर हा सगळा काथ्याकूट दुसऱ्या फळीतला आहे. महिन्याला सतराशे-अठराशे किलोमीटर पेट्रोलवर चालवली असती तर दहा हजारांच्या वर गेले असते. सर्वांत महाग पायरीनेही गाडीची वीज सतराशेला पडते. मोठी बचत गाडी घेतली त्या दिवशीच झाली होती. पण ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगितली तर सोलर कोण घेणार?

ज्या गोष्टीने खरा त्रास दिला

दर, बॅटरी, सोलर हे सगळे एका महिन्यात मार्गी लागले. एप्रिलने वेगळाच घोळ घातला.

एका रात्री प्लग लावला आणि चार्जरवर लाल दिवा. काढून लावला, पुन्हा लाल. गाडी सेवा केंद्रात नेली, तिथे व्यवस्थित चार्ज झाली. घरी आणली, लाल. सरांनी मला न विचारता एका वायरमनला बोलावले. त्याने पाच मिनिटांत काम करून दोनशे रुपये घेतले आणि दिवा हिरवा झाला.

आठवड्याने मी दुसऱ्या कामाला गेलो आणि सवयीने सॉकेट उघडून पाहिले. पठ्ठ्याने अर्थिंगचा आणि न्यूट्रलचा पॉइंट एका तारेच्या तुकड्याने जोडून ठेवला होता. चार्जर अर्थिंग तपासतो, त्याला न्यूट्रल दाखवून फसवले. माझ्या अंगावर काटा आला. पावसात चुडत पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर घरातल्या दिव्यांतून फिरून आलेला करंट त्याच तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर उतरतो. ओल्या पायांनी दार उघडायला गेलेल्या माणसाला २३० व्होल्ट. लाल दिवा म्हणजे चार्जर आपले काम नेमके करत होता.

मूळ दुखणे जमिनीत होते. चिऱ्याचा दगड पाणी धरत नाही, पाऊस संपला की निचरा होऊन जातो. डिसेंबरपर्यंत खड्डा ओलसर असतो, एप्रिलमध्ये मातीचा ठोकळा होतो आणि अर्थिंगचा रोध चढत जातो. मीटर लावला तेव्हा ३८ ओहम आले. पंधरा वर्षांपूर्वी मीठ-कोळसा घालून भरलेला खड्डा, त्यानंतर कोणी तिकडे पाहिलेले नाही. पंखे-ट्यूबला हे जाणवत नाही, फ्रिजला हात लावल्यावर कधीतरी मुंग्या येतात आणि माणसे चपला घालून फ्रिज उघडायला शिकतात.

नवा खड्डा आम्ही चढावर न घेता खालच्या अंगाला, विहिरीच्या बाजूला घेतला. तांब्याचा मुलामा दिलेली दांडी, भोवती बेंटोनाइट ही ओल धरणारी माती, वर चौकोनी झाकण. न्हाणीघराचे पाणी त्या बाजूला वळवले. तिथून पोर्चपर्यंत वेगळी तांब्याची तार आणली. जुना आणि नवा जोडल्यावर ६ ओहम. सोबत गाडीसाठी थेट मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि भार वाढला की पडणारा स्वतंत्र एमसीबी. मंजूर भार अजून ३ किलोवॉटच होता. गाडी, गिझर आणि पंप एकत्र आले तर तो ओलांडला जाणार हे उघड होते, म्हणून तोही वाढवून घेतला.

हे भाच्याला सुचणे शक्यच नव्हते. त्याच्याकडे बहुतेक घरांना अर्थिंग पुरवठ्याच्या केबलमधूनच येते. घरामागे खड्डा खणून त्याला न्हाणीचे पाणी पाजायचे ही कल्पनाच तिकडच्या माणसाला नसते.

घड्याळ परत आले, वेगळ्या कारणाने

सरांचे घर लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे. एप्रिलच्या एका संध्याकाळी आठ वाजता मी पोर्चमध्ये मीटर लावून बसलो तेव्हा १९६ व्होल्ट मिळाले. रात्री सव्वाअकराला २२४. संध्याकाळी गाडी लावली की घरातला एसी कण्हतो, शेजाऱ्याचा पंप उचलत नाही आणि चार्जर स्वतःच मध्येच सोडून देतो. म्हणून वेळ ठरवली रात्री ११ ते सकाळी ६, गाडीच्याच सेटिंगमधून. गजर लावून उठायचे बंद झाले.

रोज लावायचे बंद केले. एक दिवसाआड, २० टक्क्यांच्या आसपास आली की लावायची, ८० ओलांडल्यावर थांबवायची. सात तासांत एकवीस युनिट मीटरवरून जातात, तेवढे दोन दिवसांना पुरतात. रविवारी गाडी घरी असते तेव्हा सकाळी दहालाच लावायची, छतावरची वीज खांबापर्यंत न जाता थेट गाडीत. नेट मीटरवर त्याने बिल बदलत नाही, पण उद्या वेळेनुसार दर आला आणि दुपारच्या युनिटाची वजाबाकी संध्याकाळच्या युनिटातून होईनाशी झाली, तर हीच सवय उपयोगी पडेल. तेव्हा बॅटरीचे गणितही मी पुन्हा मांडून देईन असे सरांना सांगून ठेवले आहे. पंच्याण्णव वर्षांची पंधरा होतील का ते तेव्हाच्या नियमांवर आणि बॅटरीच्या किमतीवर.

एक दिवसाआडची पद्धत जुलैत फसली. भरायच्या रात्री पाऊण वाजता वीज गेली, सकाळी गाडीत ४० टक्के. सर तशीच घेऊन निघाले, पणजीला फास्ट चार्जरवर तासभर ताटकळले आणि पहिला तास बुडाला. त्यानंतर कालनिर्णयच्या जुलैच्या पानावर वहिनींच्या अक्षरात ओळ आली: 'चतुर्थीपर्यंत रोज लावणे, निम्म्याखाली नाही.'

चतुर्थीला भाचा आला. गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर त्याला पोर्च दाखवला, मीटर दाखवला, खड्डाही दाखवला. त्याने बिल हातात घेऊन उलटसुलट पाहिले, रात्रीचा दर शोधला, सापडला नाही.

"मामा, दर सगळा एकच, तर मग रात्रीच का लावता?"

सर माटोळीतल्या सुपाऱ्यांचा घोस सरळ करत होते. "दिवसा गाडी घरी नसते म्हणून."